पारड्याची खालची बाजू

अकरा वाजून सोळा मिनिटांनी कुणीतरी दार वाजवलं. तिच्या टेबलाला दार नव्हतं. तीन बाजूंनी छातीइतके उंच राखाडी पडदे होते आणि चौथी बाजू येणाऱ्याजाणाऱ्याला उघडी. वाजलं ते एक कोरं पान. सकाळी ऑफिसला निघण्याआधी तिनं ते इंटरनेटच्या एका कोपऱ्यात बनवून ठेवलं होतं, आणि त्याची लिंक डोळे मिटून कीबोर्डावर बोटं आपटून तयार केली होती. बावीस अक्षरं, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. जगात कुणाला ती आपसूक सुचण्याची सोय नव्हती. पानावर काही लिहिलेलं नव्हतं, पण त्याच्यामागे एक वही होती, आणि पान कुणी उघडलं तर कोण आलं, कधी आलं, हे त्या वहीत आपोआप उमटणार होतं. ही लिंक तिनं नुकतीच बाबांच्या फोनवर पाठवली होती. ज्या ॲपवरून पाठवली ते तिचीच कंपनी बनवत होती. बाबांचा फोन तिच्या पर्समध्ये होता, बंद. त्याच्या चार्जिंगच्या भोकात बाबांच्या खिशातला कापूस जाऊन बसला होता आणि तो दुरुस्तीला द्यायचा म्हणून कालपासून ती त्याला पर्समधून फिरवत होती. म्हणजे लिंक पाठवणारी ती, आणि जिथे पोहोचायची तो फोन मेलेला. तरीही वहीत एक ओळ उमटली. अकरा सोळा आणि बारा सेकंद. ओळीच्या शेवटी, आलेला पाहुणा कुणाच्या नावावरच्या जागेतून आला ते होतं. तिथे तिच्या कंपनीचं नाव होतं.

तिला आधी हसू आलं, मग ते गेलं. शेजारच्या पडद्यापलीकडे शेजारीण ॲप वापरणाऱ्यांच्या पत्रांना उत्तरं देत होती. तिच्या कीबोर्डाचा आवाज शिलाई मशीनसारखा सलग येई, आणि मध्येच एक बटण जोरात दाबल्याचा. ते बटण कुठलं हे इथे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिलं बटण. ते दाबलं की ठरलेला परिच्छेद उत्तरात येऊन पडायचा: तुमचे निरोप फक्त तुम्ही आणि तुम्ही ज्यांना पाठवता तेच वाचू शकतात. आम्हालाही वाचता येत नाहीत. दोन वर्षांत आपण स्वतः तो परिच्छेद किती वेळा पाठवला असेल याचा हिशेब तिनं एकदा गंमत म्हणून केला होता, आकडा सहा हजारांवर गेला तेव्हा सोडून दिला. पदार्थविज्ञान शिकून पत्रं लिहितेस, असं बाबा म्हणायचे. ‘पत्रं नाही बाबा, एकच पत्र,’ असं ती म्हणायची, आणि तेही विनोद म्हणून. पण ‘आम्हालाही’ या शब्दाशी आल्यावर तिला दर वेळी बरं वाटायचं हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. एखाद्यानं आपले दोन्ही तळहात उघडून दाखवावेत तसा तो शब्द होता. आणि आता, स्क्रीनवर ती ओळ तशीच लुकलुकत असताना, तिला कळत होतं की ते तळहात तिनं स्वतः कधी पाहिलेच नव्हते. तिला सांगितलं होतं. कामावर आली त्या पहिल्या आठवड्यात, प्रोजेक्टर लावून.

ते पान तिनं बनवलं एका बाईमुळे. सोमवारी सकाळी आलेल्या पत्रांत एक पत्र असं होतं की त्यावर पहिलं बटण दाबायला तिचा हात उचलला गेला नाही. ‘मी शिवणकाम करते. हे पत्र दुकानाच्या मालकीणबाईंच्या नावावरून लिहिते आहे. माझा दीर तुमच्या कंपनीत संगणकाचं काम करतो. तो कोण ते सांगत नाही, मी कोण तेही सांगत नाही. तो घरात सगळ्यांसमोर म्हणतो की कोण कुणाला काय पाठवतं ते मला सगळं दिसतं. शुक्रवारी मी घर सोडणार आहे. जिथे जाणार ते ठिकाण बहिणीला तुमच्याच ॲपवरून कळवायचं आहे, दुसरा मार्ग नाही. नकाशावरचं ठिकाण पाठवणार आहे म्हणजे ती चुकणार नाही. तर त्याला दिसेल की नाही? हो किंवा नाही एवढंच सांगा. ते ठरलेलं उत्तर पाठवू नका, ते मला आधी एकदा आलं आहे. उत्तर लेखी नको. दुकानाचा फोन दुपारी दोन ते तीन माझ्या हाताशी असतो. कुणी दुसऱ्यानं उचलला तर शिलाईचं माप विचारायचं आहे असं सांगा.’ खाली फोन नंबर. ते ठरलेलं उत्तर मला आधी एकदा आलं आहे, हे वाक्य तिनं तीनदा वाचलं. ते तिनंच पाठवलेलं असू शकत होतं.

सोमवारपासून तिला ऑफिसातले पुरुष निराळे दिसायला लागले. पाण्याच्या यंत्रापाशी प्याला भरणारा, लिफ्टमध्ये शीळ घालणारा, आपल्या मुलीचा फोटो स्क्रीनवर लावलेला, जेवणाच्या डब्याचं झाकण दुसऱ्याच्या डब्याला लावून ‘बसत नाही’ म्हणणारा. यातला कुणीही कुणाचा तरी दीर होता. घरी जाऊन जेवताना हा माणूस मान वर न करता म्हणत असेल, मला सगळं दिसतं. आणि कुणाचा तरी घास तोंडातच राहत असेल. तो खोटं बोलतोय असं तिनं मनाशी शंभरदा म्हटलं. थापा मारतोय, घरात वजन राहावं म्हणून. मग कालच्या मंगळवारी बाबांकडे फोन आणायला गेली तेव्हा तिनं त्यांना विचारलं, एखादा माणूस सांगतो आपला माल चोख आहे, आणि त्याचाच नोकर बाहेर सांगतो की नाही, तर कुणाचं खरं धरायचं? बाबा वजनमाप खात्यातून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली होती, पण प्रश्न ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, म्हणजे कामावरच होते. ‘दोघांचं कशाला धरायचं? तुझ्याकडे वजन नाही का एखादं?’ ‘कसलं वजन?’ ‘अगं, जे किती आहे ते तुला पक्कं माहीत आहे असं. ते ठेव आणि बघ. माणसांशी काय बोलत बसतेस!’ रस्त्यात, त्यांचा मेलेला फोन हातात धरून, तिला ते पान सुचलं. जे कुणालाच माहीत नाही ते पाठवायचं, आणि कुणाला कळतंय का ते पाहायचं.

आणि कळलं. अकरा सोळा आणि बारा सेकंद. ती उठलीच होती, वरच्या मजल्यावर जाऊन कुणाच्या तरी टेबलावर हात आपटायला, तोच ती अर्ध्यावरच थांबली. काहीतरी राहिलं होतं. ती आठ वर्षांची होती तेव्हा बाबांबरोबर खिळेवाल्याकडे गेली होती. बरोबर नव्हे, पुढे. बाबांना दुकानदार ओळखत असत, म्हणून ते कधी शेजाऱ्याला, कधी आईला गिऱ्हाईक म्हणून धाडत, आणि त्या दिवशी तिला धाडलं. दीड इंची खिळे, अर्धा किलो. खिळेवाला तिच्या ओळखीचा होता. शाळेतून येताना तो तिला आपलं लोहचुंबक खेळायला द्यायचा, सांडलेले खिळे गोळा करायचं, नालेच्या आकाराचं, लाल रंग उडालेलं. त्यानं खिळे तोलून कागदात बांधले, वर दोन खिळे हातावर ठेवले, ‘ह्यांचे पैसे नकोत मला, घे.’ तेवढ्यात बाबा आत आले. तिला वाटलं, आता ते पुडी सोडून तोलतील. त्यांनी पुडीला हातच लावला नाही. आधी दोन्ही पारडी रिकामी केली, त्यांवर फुंकर मारली आणि नुसते उभे राहिले. दुकानात घड्याळाचा आवाज येत होता. काटा मध्यावर थांबायला हवा होता तो केसभर उजवीकडे थांबला. मग बाबांनी मालाचं पारडं उचललं आणि उलटं केलं. खाली ते लाल लोहचुंबक चिकटून बसलेलं होतं. पुडी अकरा ग्रॅमनं कमी भरली.

आधी रिकामं पारडं. तेच राहिलं होतं. आपण पदार्थविज्ञान शिकलो, आणि पहिलंच माप रिकामं पारडं न बघता घेतलं, या विचारानं तिचे कान तापले. तिचा फोन ऑफिसच्या वायफायवर होता. पाठवणाऱ्याच्या फोननंच ते पान उघडून बघितलं असेल तरी वहीत कंपनीचंच नाव आलं असतं. मग ते दार दुसऱ्या कुणी वाजवलेलंच नव्हतं. ती स्वतःच आपल्या दारावर थाप मारून दचकली होती. ती खाली बसली. आणि खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि या सुटल्यासारखं वाटण्याचीच तिला भीती वाटली. जेवणाच्या सुट्टीत ती रस्ता ओलांडून लाँड्रीत गेली. तिथे एक बाक होता आणि काचेच्या गोल झाकणांमागे लोकांच्या चादरी फिरत होत्या. ऑफिसचं वायफाय इथवर पोहोचत नव्हतं. तिनं नवं पान बनवलं, नवी बावीस अक्षरं, आणि वीस मिनिटं काहीच केलं नाही. नुसती वही उघडी ठेवून बसली. एक निळी चादर झाकणाला चिकटे, सुटे, पुन्हा चिकटे. वही कोरी राहिली. मग तीच लिंक तिनं निरोपात अशी लिहिली की अक्षरं तीच पण मध्ये मोकळ्या जागा सोडलेल्या, म्हणजे ॲपला ती लिंक आहे हे कळूच नये, नुसते शब्द वाटावेत. पाठवलं. तीन मिनिटं. कोरी. पुन्हा, पुन्हा, सहा वेळा. कोरी. मग जागा काढून, सरळ लिंक. बोट उचलायच्या आत वहीत ओळ आली. वेळ, सेकंद, आणि कंपनीचं नाव. इथे, लाँड्रीत, तिच्या स्वतःच्या सिमवर. तेही सहा वेळा केलं. सहाच्या सहा.

आता तिला राग आला नाही. उलट मन असं शांत झालं की शेजारच्या म्हातारबुवांनी ‘यंत्र थांबलं वाटतं’ म्हटलं तेव्हा तिनं उठून दुसऱ्याच कुणाचे तरी ओले कपडे यंत्रातून काढायला सुरुवात केली. ‘ते माझे आहेत,’ ते म्हणाले. ‘माफ करा,’ ती म्हणाली, ‘मला वाटलं माझेच.’ ‘तुम्ही कपडे आणलेच कुठे?’ ते म्हणाले. ती खदखदून हसली. तिला कळलं होतं. शब्द जात नव्हते. लिंक जात होती. लिंक लिहिली की निरोपाखाली त्या पानाचं एक छोटं चित्र येतं, गेल्या वर्षीपासून. सगळ्यांना आवडलं होतं, तिलाही. ते चित्र आणायला कुणीतरी त्या पानावर जाऊन यावं लागतं, आणि जो जाऊन येत होता तो कंपनीचा सर्व्हर होता. पाकीट चिकटवण्याआधी आतल्या कागदाचा एक कोपरा बाहेर काढून दाखवायचा आणि मग पाकिटावर लिहायचं, आम्हालाही वाचता येत नाही. आणि नकाशावरचं ठिकाण म्हणजे लिंकच.

संध्याकाळी बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, ‘रिकामं बघितलंस?’ ‘बघितलं.’ ‘आधी?’ ती पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. ‘म्हणजे आधी नाही बघितलंस,’ ते खुशीत म्हणाले, ‘असू दे, मीही पहिल्या वर्षी एका दुधवाल्याला उगीच रडवलं होतं.’ तिनं जे वीसेक वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. खिळेवाल्यानं ते मुद्दाम लावलं होतं का? बाबांनी चष्मा काढला. ‘तो म्हणाला, सांडलेले खिळे उचलले आणि हात भरलेले म्हणून तिथेच चिकटवलं, विसरलो. असेल. नसेलही. हेतू माझ्या काट्यावर मोजता येत नाही गं. ग्रॅम येतात. अकरा आले, अकरा लिहिले.’ तिला आठवत होतं ते पुढचं. पंधरा दिवस ती त्या गल्लीतून गेली नाही, लांबून वळसा घालून शाळेत जायची, कारण पुडी तिच्या हातात होती आणि ते दोन जास्तीचे खिळे तिच्या दप्तरात. मग एकदा पाऊल तिकडे पडलंच. लोहचुंबक आता भिंतीवर, गिऱ्हाइकांच्या नजरेसमोर दोरीला टांगलेलं होतं. खिळेवाल्यानं तिला बघितलं. तो रागावला नाही, हसलाही नाही. त्यानं पारडं उचलून तिच्याकडे उलटं धरलं, खालची बाजू दाखवली आणि परत ठेवलं. पुढे ती कॉलेजात जाईपर्यंत तो तिला दिसला की असंच करायचा. लोकांना वाटायचं हा म्हातारा त्या मुलीला नमस्कारच करतो असा.

गुरुवारी दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी तिनं लाँड्रीतल्या बाकावरून, स्वतःच्या फोनवरून, तो नंबर लावला. पलीकडून मशीनचा आवाज आला, मग बाईचा. ‘बोला.’ ‘शिलाईचं माप विचारायचं होतं.’ ‘कुणाचं?’ ‘तुम्ही सोमवारी एक प्रश्न विचारला होतात. हो किंवा नाही.’ मशीन थांबलं. ‘सांगा,’ बाई म्हणाली. तिनं रात्रभर नव्हे पण सकाळभर हे वाक्य जुळवलं होतं आणि आता ते गेलं. ‘शब्द नाही दिसत. लिंक दिसते.’ ‘म्हणजे?’ ‘नकाशावरचं ठिकाण पाठवलंत तर ते कुठलं, हे आमच्या इथल्या यंत्रात उमटतं. तुम्ही शब्दांत लिहिलंत, गाव, रस्ता, दाराचा रंग, तर नाही उमटत.’  मग बाई म्हणाली, ‘म्हणजे तो अगदीच खोटं बोलत नव्हता.’ ‘थोडं खरं बोलत होता.’ ‘आणि तुम्ही थोडं खोटं लिहीत होतात.’ ‘हो,’ ती म्हणाली. आणि ते म्हटल्यावर तिला जमीन पायाखाली असल्यासारखी वाटली. ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं, की तुम्ही बघितलंत?’ ‘बघितलं. लिंक सहा वेळा, शब्द सहा वेळा. शिवाय शब्दांचं कुलूप बाहेरच्या लोकांनीही उघडून तपासलं आहे, ते मी फक्त वाचलंय. याच्यापलीकडचं मला माहीत नाही. पूर्ण खात्री देता येत नाही मला.’ पलीकडे बाई हसली, एकदाच, नाकातून. ‘पूर्ण खात्री देणारेच भेटलेत मला आजवर. तुमचं हे बरंय. एवढ्यावर जाता येईल.’ ‘फोन कुणाच्या हाती देत नाही ना घरात?’ ‘कापडाच्या गठ्ठ्यात असतो. गठ्ठ्याला हात लावायचा त्या घराला आळस आहे.’ मग आवाज बदलून, मोठ्यानं, कुणीतरी दुकानात आलं असावं, ‘हो हो, छाती छत्तीस, बाही कोपरापर्यंत, लिहून घेतलंय!’ आणि फोन बंद.

कुलूपवाला पाचव्या मजल्यावर बसायचा. त्याला सगळे तेच म्हणत. ॲपचं कुलूप त्यानं आणि त्याच्या चार माणसांनी बांधलं होतं, आणि तो घरी जाताना आपला ड्रॉवर तीनदा ओढून बघायचा हे साऱ्या ऑफिसला माहीत होतं. जिना चढताना तिच्या मनात आलं, हाही कुणाचा तरी दीर असू शकतो. वळणावर ती थांबली. बाईचं नाव घ्यायचं नाही, पत्राचं नाही, शुक्रवारचं नाही. फक्त ग्रॅम सांगायचे. ‘तू पत्रवाली ना?’ तो म्हणाला. ‘हो, पत्रवालीच,’ म्हणत तिनं बारा ओळींचा कागद त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो वाचला आणि खांदे उडवले. ‘हे चित्राचं आहे. हे आम्हाला माहीतच आहे. निरोप कुठे जातोय यात? निरोपाला मी सोडून कुणी हात लावू शकत नाही, आणि मीही लावू शकत नाही.’ ‘लिंक निरोपातच असते.’ ‘असते, पण… अगं, फोननं स्वतः जाऊन चित्र आणलं तर बॅटरी जाते, वेळ जातो. लोकांच्या सोयीसाठी केलंय. कुणी वाचत बसत नाही ते.’ ‘कुठल्या पानावर जाऊन आलात ते तुमच्या वहीत किती दिवस राहतं?’ ‘तीस.’ ‘आणि वही कुणाला दिसते?’ ‘सर्व्हरच्या लोकांना. फार नाहीत.’ ‘किती?’ त्यानं बोटांवर मोजलं. ‘मला धरून आठ.’  आठ. आठांतला एक. ‘माणसं लिंक म्हणून काय काय पाठवतात माहितीय तुम्हाला?’ ती म्हणाली, आणि आपला आवाज असा सपाट कसा येतोय याचं तिला नवल वाटलं. ‘दवाखान्याची वेळ. वकिलाचं पान. गाडीचं तिकीट. नकाशावरचं घर. मी दोन वर्षं त्यांना लिहितेय की आम्हालाही वाचता येत नाही. तुमच्या कुलपाबद्दल मी बोलतच नाहीये. तुमचं कुलूप सहाच्या सहा वेळा पक्कं निघालं. पारड्याखाली काहीतरी चिकटलंय, एवढंच म्हणतेय.’ ‘कसलं पारडं?’ ‘काही नाही. बारा ओळी आहेत. तुम्हीही करून बघा. आधी रिकामं बघा.’

शुक्रवारी सकाळी ती टेबलाशी बसून घड्याळाकडे बघत होती. आता ती गठ्ठा उचलत असेल. आता दाराबाहेर. आता बसमध्ये, मांडीवर गठ्ठा, अंगठ्यानं शब्दांत लिहीत असेल, गाव, रस्ता, दाराचा रंग. मुख्य मॅडमनी सकाळीच तिला बोलावून विचारलं होतं की परवानगी न घेता पाचव्या मजल्यावर कशी गेलीस, आणि तिनं ‘जिन्यानं’ असं उत्तर दिलं होतं, आणि शेजारणीनं पडद्याआड तोंड दाबून धरलं होतं. नोकरी जाईल असं तिला वाटत होतं. गंमत म्हणजे ते एका बाजूला, पाण्याच्या पेल्यासारखं, ठेवून देता येत होतं. साडेबाराला कुलूपवाला स्वतः खाली आला. दाढी केलेली नव्हती. हातात लॅपटॉप उघडाच. सगळ्या खोलीची बटणं थांबली. तो तिच्या टेबलापाशी आला, तिचा कीबोर्ड सरकवून त्यानं लॅपटॉप टेकवला आणि अख्खा फिरवून तिच्याकडे तोंड करून ठेवला. ‘बघ,’ तो म्हणाला. ‘चित्र काढून टाकलंय. जुनी तीस दिवसांची वही पुसलीय, ही बघ, कोरी. नवी आवृत्ती अकराला गेली. आणि हे जाहीर पान, काय चुकलं होतं ते लिहिलंय, कधीपासून तेही.’ ती वाचत होती, पण वाचता वाचता तिला स्क्रीनच्या ऐवजी त्या पारड्याची खालची बाजू दिसत होती, खरवडलेली, स्वच्छ. ‘मी काल अठरा वेळा केलं,’ तो हळूच म्हणाला. ‘आधी रिकामं बघून. अठराच्या अठरा आलं. मला वाटलं होतं मला माहीत आहे.’ मग मुख्य मॅडमकडे वळून, खोलीला ऐकू जाईल असं, ‘आणि ते पहिलं बटण हिला लिहू द्या. महिन्यातून एकदा तपासून.’ मॅडम म्हणाल्या, ‘बघू.’ पण त्यांच्या ‘बघू’चा अर्थ ‘हो’ असाही होऊ शकतो हे त्या खोलीला पहिल्यांदाच कळलं. तो गेल्यावर तिनं फोन काढला, नवी आवृत्ती घेतली, नवं पान बनवलं. वीस मिनिटं रिकामं. मग लिंक. एक, दोन, सहा. शेजारीण पडद्यावरून मान काढून तिच्याबरोबर वही बघत होती. ‘काही येत नाहीये,’ शेजारीण म्हणाली, ‘बिघडलंय का?’ ‘नाही,’ ती म्हणाली. ‘हेच.’

नवा परिच्छेद लिहायला तिला दुपार लागली. जुन्यापेक्षा लांब होता, दिसायला बेढब, त्यात काय दिसत नाही ते होतं, काय दिसतं तेही होतं, गेलं वर्षभर काय दिसत होतं ते होतं, आणि शेवटी आम्ही हे शेवटचं कधी तपासलं त्याची तारीख. ‘आम्हालाही’ हा शब्द तिनं ठेवला. तो आता पूर्वीसारखा हळुवार वाटत नव्हता. त्याला वजन आलं होतं.

सोमवारी सकाळच्या पत्रांत दुकानाच्या मालकीणबाईंच्या नावानं एक ओळ होती. ‘कापड पोहोचलं. मापात बसलं.’ बाकी काही नाही. ती ओळ वाचून ती खुर्चीत मागे रेलली आणि तिनं दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले. कुठे पोहोचलं? दाराचा रंग कुठला? तिला माहीत नव्हतं. कुलूपवाल्याला माहीत नव्हतं. पाचव्या मजल्यावर त्या आठांतला एक जण आज मान वर न करता बसला असेल, त्याच्यासमोर कोरी वही असेल आणि त्यालाही माहीत नव्हतं. एवढ्या मोठ्या जगात एका दाराआड एक बाई मशीनची सुई ओवत होती आणि ते दार कुठलं हे तिच्या बहिणीखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. आजवर कुठलीही गोष्ट माहीत नसल्याचा तिला इतका आनंद झाला नव्हता. पर्समध्ये बाबांचा दुरुस्त झालेला फोन होता. त्यातल्या ॲपची नवी आवृत्ती घालून द्यायला बाबांनी काल स्वतःहून सांगितलं होतं, वर ‘पण मी दर महिन्याला तपासणार हां’ अशी अट घालून. अकरा वाजता ती चहाला गेली. पाण्याच्या यंत्रापाशी, लिफ्टपाशी, टेबलाटेबलांवर तेच सारे पुरुष होते, आणि आज तिनं त्यांच्याकडे सरळ बघितलं. कुलूपवाला कोपऱ्यात उभ्यानं चहा पीत होता. त्यानं तिला बघून मान हलवली. तिनं आपला रिकामा कप उचलला, उलटा केला आणि त्याच्याकडे धरून खालची बाजू दाखवली. त्याला काही कळलं नाही. तो क्षणभर बावचळला, मग हसला, हातातला उरलेला चहा एका घोटात संपवला आणि त्यानंही आपला कप उलटा करून सगळ्या खोलीला दिसेल असा उंच धरला.